शहरच्या नळाचे पाणी



आज आपण शहरच्या नळाच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. कोणी म्हणेल, आम्ही खेड्यातली माणसं, आम्हाला शहरच्या नळाशी काय करायचं? पण जरा आपापल्या घरात डोकावून पाहा. कुणाचा मुलगा मुंबईला चाळीत राहतो. कुणाची लेक पुण्याला दिली आहे. कुणी वर्षातले आठ महिने बांधकामावर असतो, आणि तिथे एका नळावर पन्नास माणसे पाणी भरतात. म्हणजे शहरचे पाणी आपल्या घरची माणसे रोज पितात. शिवाय 2019 साली केंद्र सरकारने जलजीवन मिशन सुरू केले, तेव्हापासून आपल्याकडेही वाडीवस्तीवर नळ येऊ लागले आहेत. नळ आला की नळाचे गुण येतात, तसे त्याचे दोषही येतात.

नळाविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक असे, की नळाचे पाणी म्हणजे सरकारने शुद्ध केलेले पाणी. ते डोळे मिटून प्यावे. दुसरे मत बरोबर उलट. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते अंगाला मानवत नाही, त्यापेक्षा आपली विहीर बरी. ही दोन्ही मते आम्ही पारावर बसून कैकदा ऐकली आहेत. दोन्ही अर्धी खरी आहेत. पाणी कारखान्यातून निघते तेव्हा बहुधा चांगले असते. पण कारखाना आणि आपला तांब्या यांच्यामध्ये मोठी वाट आहे. ती वाट कशी आहे ते आज पाहू.

मुंबईपासून सुरुवात करू. पूर्वी मुंबईची माणसे विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी पीत. धोबी तलाव हे नाव तुम्ही ऐकले असेल. नाव राहिले, तलाव कधीच बुजला. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. नवीन नळ आले तेव्हा कित्येकांनी ते पाणी विटाळाचे मानले. तोटीत चामड्याची चकती असे, तिला शिवलेले पाणी कसे प्यायचे, असा त्यांचा प्रश्न. पुढे तहानेपुढे तो प्रश्न आपोआप मिटला. आज मुंबईला सात तलावांचे पाणी येते. विहार आणि तुळशी हे दोन मुंबईतच आहेत. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे पाच लांब, ठाणे, पालघर आणि नाशिकच्या बाजूला. शहापूरच्या डोंगरांतून पाणी मैलोगणती मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसावे लागते. हा वेगळा विषय आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

हे पाणी भांडुप आणि पांजरापूर इथल्या मोठ्या कारखान्यांत शुद्ध होते. तिथे काय करतात? आधी तुरटी घालतात. तुरटी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की घरातली म्हातारी माणसे हंड्यात तुरटीचा खडा फिरवीत. बारीक मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मग वरचे पाणी वाळूच्या थरातून झिरपवतात. उरलासुरला गाळ वाळू धरून ठेवते. शेवटी पाण्यात क्लोरीन घालतात. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकतो ना, तिच्यातले द्रव्य तेच. क्लोरीन पाण्यातले रोगजंतू मारते.

पण क्लोरीनचे आणखी एक काम आहे, आणि ते फार लोकांना ठाऊक नसते. जंतू मारून झाल्यावरही थोडे क्लोरीन पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात. पाणी पुढे नळातून कोसभर, दहा कोस जाते. वाटेत कुठे एखादा जंतू शिरलाच, तर त्याला गाठायला हा राखणदार पाण्याबरोबर चालत असतो. घरच्या तोटीला पाणी पोहोचते तेव्हा एका लिटरमध्ये निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा आपल्या देशाचा नियम आहे. हे इतके थोडे असते, की त्याने पोट बिघडत नाही. नळाच्या पाण्याला जो थोडा औषधाचा वास येतो, तो या राखणदाराचा. त्या वासाने घाबरू नये. भांडे थोडा वेळ ठेवले की वास उडून जातो. आपल्या गावातही आरोग्य कर्मचारी किंवा जलसुरक्षक छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब औषध टाकतो आणि पाणी पिवळे झाले की मान डोलावतो. त्याला ओटी टेस्ट म्हणतात. पिवळे झाले म्हणजे राखणदार जागा आहे. पाणी पांढरेच राहिले, तर त्याला विचारावे, बाबा रे, आज पावडर टाकली नाही का?

आता कोणी विचारील, एवढी राखण आहे तर मग भीती कसली? यासाठी एक खरी हकिकत सांगतो. ती दिल्लीची आहे, आणि 1955 सालची आहे. जुनी असली तरी ऐकण्यासारखी आहे.

दिल्ली यमुनेचे पाणी पिते. शहराच्या उत्तरेला वझिराबाद येथे नदीतून पाणी उचलून शुद्ध करून नळांत सोडत. तिथून थोडे खाली नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. त्या नाल्यातून शहराचे सांडपाणी आणि मैला नदीत येत असे. पाणी उचलण्याची जागा वर आणि नाला खाली, म्हणून घाण खालच्या खाली वाहून जाई. कोणाला काही त्रास नव्हता. 1955 च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पुरानंतर नदीने पात्र बदलले. धार पलीकडच्या काठाला सरकली. पाणी उचलण्याच्या जागेपाशी नदी रोडावली, आणि नाल्याची घाण उलटी वर चढून तिथवर आली. नोव्हेंबर महिन्यात काही दिवस असे आले, की पंपाने नदीबरोबर नाल्याचे सांडपाणीही ओढले.

तिथले लोक झोपले होते असे नाही. पाणी बिघडले हे त्यांना कळले. त्यांनी तुरटी वाढवली. क्लोरीन वाढवले. पुढचे काही आठवडे सर्वांनी श्वास रोखून पाहिले. मैला पाण्यात गेला म्हणजे पटकी, मुदतीचा ताप, हगवण हे ठरलेले पाहुणे. पण त्यांच्या साथी आल्या नाहीत. वाटले, सुटलो.

आणि मग डिसेंबरात लोकांचे डोळे पिवळे होऊ लागले. लघवी हळदीसारखी, अन्नावर वासना नाही, उठले की चक्कर. एका घरात एक, शेजारच्या घरात दोन. डिसेंबर आणि जानेवारी मिळून दिल्लीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. नळाच्या पाण्याने एवढी मोठी काविळीची साथ त्यापूर्वी नोंदली गेली नव्हती. पुष्कळ लोक बरे झाले. पण गरोदर बायकांच्या बाबतीत ही कावीळ फार निर्दय निघाली. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते.

याचा उलगडा कसा करायचा? क्लोरीनने पटकीचे जंतू मारले, मुदतीच्या तापाचे मारले, मग काविळीने कसे चकवले? एक तर काविळीचा विषाणू जंतूहूनही कितीतरी बारीक आणि चिवट. दुसरे असे, की पाण्यात मैला फार झाला की क्लोरीन त्या मैल्याशीच झगडण्यात खर्ची पडते. राखणदार एक आणि चोर शंभर, असा तो प्रकार. तिसरी गोष्ट वेळेची. पटकीचा जंतू पोटात गेला की दोनचार दिवसांत रंग दाखवतो. हा काविळीचा विषाणू पाच-सहा आठवडे गुपचूप राहतो. लोक पाणी प्याले नोव्हेंबरात आणि डोळे पिवळे झाले डिसेंबर-जानेवारीत. तोपर्यंत नळाचे पाणी पुन्हा स्वच्छ झाले होते. आज आजार झाला म्हणून आजचेच पाणी तपासले, तर चोर कधी सापडायचा नाही.

हा विषाणू कोणता, हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. लहान मुलांना होते ती नेहमीची कावीळ असेल, असे समजले गेले. त्या वेळी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा ही कावीळ निराळीच आहे हे कळले. पुढे 1983 मध्ये रशियातल्या बलायान नावाच्या शास्त्रज्ञाने काय केले, ऐका. अफगाणिस्तानात त्यांच्या सैनिकांना अशीच कावीळ होत होती. या गृहस्थांनी आजाऱ्यांच्या शौचातून काढलेला अर्क स्वतः घेतला, स्वतःला कावीळ करून घेतली, आणि मग आपल्याच शौचात तो विषाणू शोधून काढला. असले धाडस करा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण त्या माणसामुळे या विषाणूचे रूप प्रथम दिसले. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. तो मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरांत वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात. लेकीसुना शहरात नांदत असतील, त्यांच्या घरी हा आकडा अवश्य सांगा.

दिल्लीत बिघाड उगमापाशी झाला. पण पुष्कळदा उगम चांगला असतो, कारखानाही चांगला असतो, आणि पाणी वाटेत बाटते. ते कसे?

शहरात जमिनीखाली एका बाजूने पाण्याचा नळ जातो आणि जवळूनच गटाराचा नळ जातो. जुन्या वस्त्यांत तर घरोघरी जाणारे बारीक लोखंडी नळ उघड्या गटारातूनच नेलेले दिसतात. लोखंड गटारात बुडून राहिले की गंजते. गंजले की बारीक भोक पडते. आता नळात पाणी जोरात वाहत असेल, तर त्या भोकातून पाणी बाहेर उडेल, घाण आत येणार नाही. चोवीस तास पाणी असेल तर हा जोर कायम राहतो. पण आपल्याकडच्या बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास नसते. कुठे तास-दोन तास, कुठे दिवसाआड, कुठे आठवड्यातून एकदा. पाणी सोडणाऱ्या माणसाने चावी बंद केली की नळ रिकामा होतो. रिकामा नळ पिचकारीसारखा वागतो. रंगपंचमीला पिचकारीचे तोंड बादलीत बुडवून दांडा मागे ओढला की रंग आत येतो. तसेच नळातले पाणी ओसरले की भोकाबाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुन्हा चावी सोडली की पहिल्या धारेबरोबर ते थेट आपल्या हंड्यात.

त्यात भर म्हणून लोक नळाला मोटर लावतात. शेजाऱ्याच्या आधी आपल्याला पाणी मिळावे, एवढाच त्यांचा हेतू. पण मोटर पाणी खेचते, तशी भोकातून घाणही खेचते, आणि ती साऱ्या आळीला वाटते. मोटर लावणारा स्वतःला हुशार समजतो. आम्ही त्याला हुशार म्हणणार नाही.

लांबची उदाहरणे कशाला? 2012 साली आपल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही गेले. तपासणीत हिपॅटायटिस ई सापडला, दिल्लीतला तोच. आणि 2025 च्या जानेवारीत पुण्यात काय झाले ते तर तुम्ही बातम्यांत ऐकले असेल. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला लोकांच्या हातापायांतली शक्ती अचानक जाऊ लागली. आधी जुलाब-उलट्या, मग आठ-पंधरा दिवसांनी मुंग्या येणे, पाय उचलता न येणे. कित्येकांना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. त्या आजाराला थोडक्यात जीबीएस म्हणतात. दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली, काही दगावली. हा आजार म्हणजे शरीराच्या आतल्या राखणीचा गोंधळ. पोटातल्या जंतूशी लढता लढता शरीर आपल्याच नसांवर उलटते. तपासणीत कित्येक रुग्णांच्या शौचात दूषित अन्नपाण्यातून येणारे जंतू आढळले. ही बरीचशी गावे अलीकडेच महापालिकेत आलेली. त्यातल्या मोठ्या भागाला एका विहिरीचे पाणी जात होते. त्यात क्लोरीन टाकत, पण ते वाळूतून गाळून येत नव्हते. गाव शहर झाले, इमारती उभ्या राहिल्या, नळ आला. वाळूची गाळणी मागे राहिली.

आता नळ आपल्या दारात आला असे समजा. तिथेही वाट संपत नाही. इमारतीत पाणी आधी जमिनीतल्या हौदात पडते, मग मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढते, आणि तिथून तोटीला येते. हौदाला तडा गेलेला, शेजारी संडासची टाकी. गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडालेले, आत पाल, पारवा, शेवाळ. कारखान्याने केलेली सारी मेहनत इथे मातीला मिळते. टाकी सहा महिन्यांतून एकदा तरी रिकामी करून घासून धुतली पाहिजे, आणि झाकण घट्ट बसले पाहिजे. इमारतीत वीस कुटुंबे असतात, आणि टाकी धुण्याचे काम एकविसाव्याचे असते. तुमचा मुलगा तिथे राहत असेल तर त्याला एवढेच विचारा, तुमची टाकी शेवटची कधी धुतली? त्याला तारीख सांगता आली नाही, तर काय समजायचे ते समजा.

घरात पाणी आल्यावर काय करायचे, हे बायाबापड्यांना आम्ही शिकवावे असे नाही. तरी चार गोष्टी सांगतो. नळ सुटल्यावर पहिली दोन-चार मिनिटांची धार पिण्यासाठी भरू नये. ती फरशीला, कपड्यांना, झाडांना घालावी. पाण्याला गटाराचा वास आला, रंग बदलला, किंवा आळीत दोन-तीन घरांत जुलाब लागले असे कानावर आले, की त्या दिवसापासून पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. घरात गरोदर बाई किंवा अंगावरचे मूल असेल तर रोजच उकळावे. किती उकळायचे? पूर्वी वीस मिनिटे सांगत. तेवढे सरपण किंवा गॅस कोणाच्या घरी आहे? वीस मिनिटे ऐकूनच बाया उकळायचे सोडून देत. आता डॉक्टर सांगतात, की पाण्याला खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू दिले तरी पुरे. मग ते झाकून त्याच भांड्यात निवू द्यावे.

फडक्याने गाळलेले पाणी चालेल का, असे बाया विचारतात. फडक्याचा उपयोग आहे. बांगलादेशात जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, ते फडक्यात अडकतात. आपल्याकडचा नारू हटवण्यातही गाळण्याचा वाटा होता. ज्यांच्या पायातून सुतासारखा नारू काडीला गुंडाळून काढला, अशी म्हातारी माणसे तुम्ही पाहिली असतील. आपला देश 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. पण काविळीचा विषाणू फडक्यातून सहज जातो. तेव्हा गाळावे, आणि गाळून उकळावे. ज्यांना उकळणे जमत नाही, त्यांनी आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या आणाव्यात. पाकिटावर किती पाण्याला एक गोळी ते लिहिलेले असते. ते आता तुम्हाला वाचता येते. गोळी टाकून अर्धा तास थांबावे, मग प्यावे.

उकळलेले पाणी माठात भरले आणि त्यात हात घालून पेला बुडवला, तर सगळे केलेले पाण्यात गेले. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, किंवा तोटीचा माठ घ्यावा. आणि शौचाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. राखेने नव्हे, साबणाने.

पाणी साठवण्यात आणखी एक खोच आहे. पाणी दिवसाआड येते म्हणून लोक पिंपे भरून ठेवतात. उघड्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी उपडी करून, घासून, वाळवावीत. त्याला कोरडा दिवस म्हणतात. पिंपावर फडके घट्ट बांधावे.

इतके करूनही आजार आलाच तर? जुलाब लागले की पाणी तोडू नका. पाणी प्यायले की जुलाब वाढतात, ही समजूत पोरांच्या जिवावर बेतते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. ते घोट घोट पाजत राहावे. हीच जलसंजीवनी. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. जुलाबानंतर काही दिवसांनी पाय लुळे पडू लागले, तर मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी न्यावे.

काविळीविषयी मात्र थोडे कडक बोलणार आहोत. आपल्याकडे कावीळ उतरवणारे आहेत. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुतो आणि पाणी पिवळे करून दाखवतो. कोणी गळ्यात माळ घालतो आणि ती रोज लांबते म्हणतो. कोणी नाकात रस पिळतो. लोक म्हणतात, आमचा माणूस त्यानेच बरा झाला. अहो, पाण्याने होणारी ही कावीळ शंभरातल्या बहुतेक माणसांची चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते. उतरवणाऱ्याला फक्त श्रेय मिळते. पण गरोदर बाईला त्याच्याकडे नेले, तर मोलाचे दोन-तीन दिवस जातात, आणि तेच दिवस तिला वाचवायचे असतात. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे. माळ घालायचीच असेल तर ती वाटेत घाला, आमची हरकत नाही.

एक काम मात्र घरात बसून होत नाही. नळ फुटला असेल, पाण्याला वास येत असेल, तर ते कळवावे लागते. नळावर उभे राहून शिव्या दिल्याने नळ सांधला जात नाही. शहरात गेलेल्या आपल्या माणसांपैकी कित्येकजण कचेरीत जायला बिचकतात. लिहिता येत नाही, कोण ऐकणार, असे म्हणतात. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज करावा. अर्जात भाषणबाजी नको. आळीचे नाव आणि घर नंबर लिहावा. कोणत्या तारखेला किती वाजता पाणी आले, ते लिहावे. रंग कसा, वास कसा, ते लिहावे. आळीत किती घरांत कोणाला जुलाब किंवा कावीळ आहे, आणि आजार कोणत्या तारखेला सुरू झाला, ते लिहावे. दिल्लीची गोष्ट आठवा. कावीळ असेल तर गेल्या दोन महिन्यांत कधी पाणी गढूळ आले होते का, हे शेजाऱ्यांना विचारून तेही लिहावे. तारखा असलेला अर्ज इंजिनियरला उपयोगी पडतो. कोणत्या नळात, कोणत्या दिवशी घाण शिरली, हे त्याला त्यावरून शोधता येते. खाली जितक्या घरांच्या सह्या मिळतील तितक्या घ्याव्यात. ज्यांना अजून सही येत नाही, त्यांचा अंगठा घ्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी, आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊन ती आपल्या घरी नीट ठेवावी.